त्रेबिचमधली खिचडी

धम्मशीलाला स्वस्तात भटकायचा भारी नाद. आठवडाभर इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या हॉस्पिटलात लोकांचं रक्त काढायचं आणि सुट्टी मिळाली की सगळ्यात स्वस्त विमान पकडून कुठल्या तरी छोट्या गावात जाऊन उतरायचं. पाठीवर एकच सॅक, त्यात डाळ-तांदूळ आणि तिखटाची डबी. पण एकटीनं फिरायचा आता तिला कंटाळा आला होता. म्हणून शेजारची अलका "या वेळी मी आणि ईशितापण येतो गं" म्हणाली, तेव्हा ती हरखून गेली.

अलका पुण्याची, पक्की शाकाहारी. दोघींचं मेतकूट होतं, निदान धम्मशीला तसं समजत होती. बुद्धपौर्णिमेला इकडून खिरीचा डबा जायचा. तिकडून तो चकचकीत धुऊन यायचा, आणि रिकामा कधीच नाही. कधी लाडू, कधी चिवडा.

तर धम्मशीला, अलका आणि तिची लेक ईशिता चेकियातल्या त्रेबिचला पोचल्या. नदीपलीकडे ज्यूंची जुनी वस्ती, अरुंद गल्ल्या, एकमेकांना चिकटलेली बुटकी घरं. घरं राहिली, माणसं गेली. अलकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माणसांना असं वेगळं टाकायचं? हाउ क्रूएल! काटा आला बघ अंगावर."

"माझ्या आजोबांचं घरही गावकुसाबाहेरच होतं," धम्मशीला म्हणाली.

"आता कुठे राहिलंय गं तसलं काही!" अलकानं डोळे पुसले आणि समोरच्या टपरीवरून तळलेलं चीज घेतलं. शेजारी त्याच कढईत पोर्कचे कटलेट तडतडत होते. बाईसाहेबांनी बोटं चाटून खाल्लं.

संध्याकाळी हॉस्टेलच्या किचनमध्ये धम्मशीलानं खिचडी टाकली. ईशितानं ताट भरून घेतलं. अलका म्हणाली, "मला नको गं, ॲसिडिटी झालीय."

"मम्मा, तू मावशीचा फूड कधीच खात नाही," ईशिता सहज बोलून गेली. "तो खीर पण तू बिनमध्ये टाकते."

धम्मशीलाच्या हातातला डाव तसाच राहिला. "दरवर्षी?"

अलका लालबुंद झाली. "अगं, तुझ्याबद्दल काही नाही गं! लहानपणापासूनची सवय. अशी पटकन जाते का?"

"आणि डुकराच्या तेलाची कधी लागली?"

अलका उगाच ओटा पुसायला लागली. रक्ताच्या, लघवीच्या बाटल्या रोज हाताळणारी धम्मशीला. तिला कधी कशाची किळस आली नव्हती. आज त्या पाणावलेल्या डोळ्यांची किळस आली, त्या चकचकीत डब्याची तर फारच. त्यातले लाडू आपण किती कौतुकानं खाल्ले! तिला स्वतःचाही राग आला. मग ती तिथेच बसली आणि खिचडी वाढून घेऊन सावकाश जेवली.

परतीच्या विमानात अलका अखंड बोलत होती. धम्मशीलानं कानात इअरफोन घातले.

घरी ओट्यावर अलकानं निघायच्या आदल्या दिवशी स्वतःच्या डब्यातून दिलेला चिवडा होता. तो आता नकोसा झाला होता. पण अन्न कचऱ्यात टाकायची रीत तिच्या आईच्या घरी नव्हती, तिच्याही नव्हती. शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत तिनं तो खाल्ला. डबा घासला, पुसला, झाकण लावलं आणि शेजारी जाऊन बेल वाजवली.

"अगोबाई, काय आणलंस?" अलकानं हसत दोन्ही हातांनी डबा घेतला. हाताला वजन लागेना, तसा तिनं तो कानाशी नेऊन हलवून पाहिला.