गायकवाड मास्तरांच्या चार मात्रा

गायकवाड मास्तर शिव्या मराठीत द्यायचे आणि शाबासकी इंग्रजीत. माझ्या वाट्याला बहुतेक मराठीच आलं. मागे कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले स्वर, बदलत असताना त्या कॉर्डवर आपल्या मनाने स्वर रचत जायचं, हे त्यांचं शिकवणं. मी जरा घाबरले की धावत 'सा'वर येऊन बसायचे. मग मास्तर पाय आपटून ओरडत, "उतरलीस? ट्राम चालू आहे, बाई! धर्मतल्ल्याला जायचं म्हणून चढलीस ना? मग मधेच उडी कशाला?"

मास्तर नगरकडचे मराठी ख्रिस्ती. वडील फोर्ट विल्यमच्या पलटणीत बँडवाले होते. ते गेल्यावर मुलगा इथे बंगालातच राहिला आणि चौरंगीवरच्या एका हॉटेलात डान्स बँडमध्ये गिटार वाजवू लागला. स्वातंत्र्यानंतरची तीन-चार वर्षं असतील. आमच्या गल्लीतल्या बंगाली मुली तेव्हा मांडीवर हवाईयन गिटार घेऊन बसायच्या, म्हणून मीही बाबांकडे हट्ट धरला. वाद्यांच्या दुकानदाराने मास्तरांना पाठवलं. दारातला तो उंच, सुटातला माणूस पाहून आई आत वळून म्हणाली, "हे काय ध्यान आलंय!" बाहेरून उत्तर आलं, "नगरचं ध्यान आहे, वहिनी."

आई हसून हसून बेजार झाली. आडनाव ऐकून तर हरखलीच. मग नाव विचारलं. "सॅम्युएल," मास्तर म्हणाले. त्या दिवसापासून त्यांचा चहा वेगळ्या कपात. तो कप गॅलरीतल्या कोनाड्यात राहायचा. मास्तर चहा प्यायचे, कप स्वतः विसळायचे आणि तिथेच उपडा घालायचे. इतकी वर्षं झाली, तरी हे सांगताना माझं डोकं तापतं. आणि मी? सतरा वर्षांची घोडी, समोर बसून गिटारच्या तारा पुसत होते.

हवाईयन गिटार त्यांनी महिन्याभरात माझ्या मांडीवरून काढून घेतली आणि साधी हातात दिली. एक दिवस त्यांनी मेलडिक मायनर ही विलायती स्वरपट्टी वाजवून दाखवली. गंधार कोमल, बाकी सगळे शुद्ध. मी टाळी वाजवली, "अहो, हा तर आई गाते तो पटदीप राग!"

"आईचा पटदीप आईपाशी. पुस्तकवाले हिला उतरताना धैवत-निषाद कोमल करायला सांगतात. आपण नाही करायचे. जॅझमध्ये जसं चढलो तसंच उतरायचं. तोंड बदलायचं नाही."

तिथवर ठीक होतं. पुढचं मात्र माझ्या डोक्यात शिरेना. पंचमाचा कॉर्ड आला की ते हीच पट्टी उचलून पंचमाच्या अर्धा स्वर वर, कोमल धैवतापासून सुरू करायचे. म्हणजे चार मात्रांपुरता 'सा'च हलला!

"मास्तर, सा कसा हलेल?"

"का? तुझ्या बापाने खिळे ठोकलेत त्याला?"

त्या चार मात्रांत कोमल रिषभ यायचा, कोमल धैवत यायचा, दोन्ही निषाद यायचे. नुसते ऐकले तर दात आंबावेत. पण खाली पंचमाचा कॉर्ड असला की त्यांचा असा काही ताण तयार व्हायचा, आणि मग मूळ सा आला की जीव भांड्यात पडायचा. मास्तर बजावायचे, "कॉर्ड सोडलास तर मी बेसूर. सगळं तुझ्या हातात आहे. कळलं का, पोरी?"

पुढच्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मास्तरांना बोलवा, म्हणून मी कमिटीशी भांडले. सेक्रेटरी होते भालूकाका. पेटी बरी वाजवत आणि त्याहून बरं बोलत. "हॉटेलातला वादक, तोही ख्रिस्ती, गणपतीपुढे?" मी थयथयाट केला. शेवटी पटदीपातलं एक नाट्यपद वाजवावं, या अटीवर ते कबूल झाले. मास्तरांना सांगितलं, तर त्यांनी हातातली गिटार खाली ठेवली. मग म्हणाले, "वीस वर्षांत आपल्या माणसांनी पहिल्यांदा बोलावलं. हॉटेलात लोक काटेचमचे वाजवत ऐकतात. इथे गप बसून ऐकतील." महिनाभर ते रोज आले. मी दुसऱ्या गिटारवर कॉर्ड धरायचे, ते वाजवायचे.

त्या संध्याकाळी मंडपात, माझ्या साथीवर, पद त्यांनी असं वाजवलं की आईने पदर डोळ्यांना लावला. मग ते पदाच्या चालीवर आपले स्वर रचू लागले. पंचमाचा कॉर्ड आला. मास्तरांनी सा हलवला. पहिल्या रांगेतून भालूकाका मोठ्याने म्हणाले, "अरे, पटदीपात कोमल रिषभ? साहेब, घसरलात!" मंडप हसला. आई हसली. बाबाही हसले.

आणि माझे हात आपोआप सा-पवर गेले. तंबोरा छेडावा तशी मी सा-प, सा-प वाजवत राहिले. मास्तर त्या चार मात्रांच्या मधोमध होते. खाली कॉर्ड नाही, आणि माझा सा ठणठणतोय. ते खरोखर बेसूर झाले. मी केलं त्यांना बेसूर! मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. तरीही ते थांबले नाहीत; अख्खा मंडप हसत असताना त्यांनी पद शेवटाला नेलं आणि उठून नमस्कार केला. भालूकाकांनी नारळ दिला. तो नारळ त्यांच्याच टाळक्यात घालावा असं मला वाटलं. पण भालूकाकांना निदान कळत तरी नव्हतं. मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मी एलियट रोडवर मास्तरांच्या खोलीवर गेले. शिव्या खायला गेले होते. देवा, त्यांनी एक तरी घालायची! त्यांनी खुर्ची दिली, चहा दिला, गिटार दिली. म्हणाले, "कालचंच वाजवू."

पद झालं. पंचमाचा कॉर्ड आला, त्यांनी सा हलवला. मी कॉर्ड धरला, चारही मात्रा धरला. तो कोमल रिषभ असा सुरेल लागला, की सा आला तेव्हा मला रडूच फुटलं. पुन्हा वाजवलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तसंच.

मास्तरांनी गिटार पेटीत ठेवली, दोन्ही कड्या लावल्या.

"येतं की तुला," ते म्हणाले. "कालही येत होतं. आता उद्यापासून मी येणार नाही, तूही येऊ नकोस."