दारावरची कपाळफोडी

"ऱ्हाऊ द्या बापू. आपली आलीय, आपली जाईल."

कुंपणापलीकडून हे ऐकू आलं की मी विळा खाली ठेवायचो. पटलं म्हणून न्हाई, वैतागून. नेकनूरला आमच्या घराला लागूनच त्यांचं घर. सगळं गाव त्यांना मामू म्हणायचं. सीताफळाच्या दिवसांत सीताफळं, एरवी पेरू नाहीतर केळी, गाड्यावर मांडून बसस्टँडला विकायचे. आमच्या दोघांच्या मधे बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि त्यावर दर साली कपाळफोडीची वेल.

तुमच्याकडंबी असंल ही. कुणी लावत न्हाई. पावसाळ्यात आपोआप उगवते, बारीक तणावे काट्याला गुंडाळत वर चढते. तांदळाच्या कणीएवढं पांढरं फूल, मग फुग्यासारखी पोकळ हिरवी फळं. पोरं तो फुगा कपाळावर आपटून फोडतात, म्हणून हे नाव. शिमग्यापर्यंत वाळून खडखडीत. पुढल्या साली गळलेल्या बियांतून पुन्हा हजर.

कुंपणावर राहिली असती तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण ती माझ्या फाटकाच्या कमानीवर जायची, परसातल्या तुरीवर चढायची. मी कापायला गेलो की मामू यायचेच.

"मधमाशा बघा. मुंग्या बघा. ते लाल किडे तर बिया खायला कुठनं कुठनं आलेत. एवढी पंगत बसलीय आन तुमी पत्रावळ उचलायलात."

त्यांचं सगळ्याच बाबतीत असं. एकदा गाड्याखाली कुत्री व्याली. पिल्लं चालती होईस्तोवर ह्या माणसानं गाडा हलवला न्हाई, टोपली डोक्यावर घेऊन फळं विकली. मामी चिडल्या.

"कुत्री आपली आली, आपली जाईल म्हणतेत. गिऱ्हाईकबी तसंच जायलंय."

मामू हसत टोपली उचलून निघाले.

आता मुख्य सांगतो. माझ्या नातीला बघायला शिरूर कासारहून पाहुणे आले. आधीची दोन ठिकाणं मोडलेली. पोरगी आमच्यात जेवायला बसेनाशी झाली होती. हा मुलगा मात्र तिच्या मनात भरला होता. त्याची आई लहानपणीच गेलेली, आत्यानं वाढवलेला, त्यामुळं आत्याबाईंचा शब्द शेवटचा. दसरा झालेला, मुलगा ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर जायच्या बेतात. त्याआधी ठरलं तर ठरलं.

आत्याबाई फाटकात थांबल्या. वर बघून म्हणाल्या, "वेल झ्याक चढलीय. नाव काय हिचं?"

"कपाळफोडी," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उतरला. आत येऊन बसल्या, पण चहाला हात लावला न्हाई. "नवरीच्या दारावर कपाळफोडी," एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "देव आधीच खूण दावतो म्हणत्यात. बघू म्होरल्या साली."

माझा मुलगा मला स्वयंपाकघरात घेऊन गेला. "बापू, गोकर्ण म्हणायला काय झालतं?"

"गोकर्ण न्हाई ती. कावून म्हणू?"

नात चुलीपाशी उभी होती. माझ्याकडं बघेना.

तेवढ्यात मामू पाहुण्यांसाठी सीताफळं घेऊन आले. सगळे गप्प बघून त्यांनी विचारलं, माझ्या मुलानं सांगितलं. मामू तडक फाटकाकडं गेले, मूठभर फळं तोडून आणली आणि आत्याबाईंसमोर एक फुगा स्वतःच्या टकलावर आपटला. फट्.

"फुटली ती. कपाळ जाग्यावर हाय."

मग त्यातली एक बी त्यांच्या तळहातावर ठेवली. काळी, मिऱ्याएवढी, आणि तिच्यावर पांढरा ठिपका, बरोबर बदामाच्या आकाराचा. पत्त्यातला असतो तसा.

"आन फुटताना हे देती. आता ह्याला वाईट कसं म्हनायचं, तुमीच सांगा."

आत्याबाईंनी बी डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

"शेळ्या वळताना आमी लई फोडल्यात ह्या," त्या म्हणाल्या. "आमी नुसतं फुगा म्हणायचो. द्या हिकडं एक."

आणि त्यांनीबी कपाळावर फोडला. कुंकू फिसकटलं. त्यांचा भाचा तोंड दाबून हसायला लागला.

"पोरी, च्या गार झाला बघ," आत्याबाई आत बघून म्हणाल्या. "दुसरा टाक. आन साखर हाताला लागंल तशी टाक, तुझ्याच हातचा प्यायचाय आता आमाला."

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. मामू शेजारी टेकले.

"एखाद्या टायमाला खोटं बोलावं बापू."

"न्हाई बोलणार."

"मग मला आधी हाक मारत जा."

उन्हाळ्यात लग्न झालं. मामूंनी मांडवात सगळ्यांना टरबूज कापून घातलं.

औंदा मामू गेले. सकाळी गाडा पुसला, ओट्यावर बसले, ते बसल्या जागीच. मी शिरूरला नातीला फोन केला. दुपारच्या एसटीनं ती आली, आणि तिच्या मागून आत्याबाई उतरल्या. मला काही विचारलं न्हाई. पदर डोक्यावरून घेतला आणि थेट मामींच्या घरात बायकांमधे जाऊन बसल्या. गावातले लोक मला विचारायला लागले, ह्या कोण? मी म्हणालो, घरच्याच हायेत.

त्यांच्या चपला दाराबाहेर उन्हात तापत होत्या. मी वाकून त्या सावलीला सरकवल्या.