काचेभोवतीचं रबर

पोलिसाच्या हाती लागलेला प्रत्येक पुरावा न्यायाला एक पाऊल पुढे नेतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. शिकवणारे साहेब पंख्याखाली बसत. वाशीमकडच्या माझ्या ठाणेदारीतले खून आणि दरोडे आता बरेचसे पुसट झाले आहेत. मोटारीच्या काचेभोवतीची एक रबराची पट्टी मात्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. एका जमीनदारांची मोटार किन्हीराजाच्या रस्त्यावर खड्ड्यात आदळली आणि समोरची काच सुटून आत आली. ती चालकाच्या मानेवर बसली आणि तो जागीच गेला. मागच्या गादीवर बसलेल्या जमीनदारांचा फेटा तेवढा विस्कटला. फिर्याद त्यांचीच होती: काच बसवणाऱ्या मिस्त्रीने मुद्दाम कच्चं काम केलं. पाठोपाठ खबऱ्यानेही खबर आणली की हाच मिस्त्री मागे हॉटेलात म्हणाला होता, "थे काच एक दिवस सुटते." मी त्याला कोठडीत घातलं.

मिस्त्री वाशीमचाच, मुसलमान कारागिरांच्या घरातला. काच कशी बसवली, असं विचारल्यावर त्याने न अडखळता सांगितलं. काचेला रबर चढवायचं, रबराच्या बाहेरच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचं पाणी लावून काच चौकटीत धरायची आणि आतून दोरी ओढत जायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावर चढते. शेवटी फटीत काळी लुगदी भरायची.

"मग सुटली कशी?"

"खड्डा मोठा होता साहेब."

"हॉटेलात तसं का म्हणालात?"

"तोंडाले लगाम नाही साहेब. निघून गेलं."

हवालदार पुढे सरकला. "खून कराचा होता काय बे?"

"हवालदारसाहेब, खूनच कराचा असता तं मांगच्या गादीचा केला असता."

हवालदाराला हसू आलं. माझ्याकडे पाहून त्याने ते आवरलं.

पंचनाम्यात मी लिहिलं होतं: रबर फुगलेलं, मऊ, उग्र वासाचं. कारण ऊन असावं, असं धरून मी पुढे गेलो होतो.

मग चालकाच्या बायकोची जबानी घ्यायला गेलो. जमीनदारांच्या मोटारखान्यामागच्या खोलीत ती राहत होती. नवरा आधी त्याच घरचा घोडागाडीवाला. घोडे गेले, मोटार आली, माणूस तोच राहिला. आम्ही काही विचारण्याआधीच तिने कोनाड्यातून एक बाटली आणि एक फडकं काढून माझ्यापुढे ठेवलं.

"मोटारीची हेळसांड झाली असं कोणी म्हणन, तं हे दाखवजा साहेब. दर आयतवारी त्या काळ्या पट्टीले जवसाचं तेल चोळत. घोड्याच्या साजाले चोळत तसंच. म्हणत, तेल नसलं तं चामडं तडकते. मालकालेही चकाकी लय आवडे."

मी बाटलीचं बूच काढलं. पंचनाम्यातला तो उग्र वास उन्हाचा नव्हता.

ठाण्यात येऊन बाटली आणि फडकं मिस्त्रीपुढे ठेवलं. त्याने बाटली उचलून वास घेतला.

"तिनं देल्ली?"

"हो."

"तिले काही सांगतलं तं नाही ना?"

"नाही."

तेव्हा तो बोलला. "दोनदा बजावलं होतं त्याले. गड्या, हे चामडं नोहे, रबर आहे. तेल पेलं का फुगते, पकड सोडते. हासला. म्हणे, तुया बापानं कधी घोडा पाह्यला काय?"

"हे आधीच सांगितलं असतं तर सुटला असता."

"मी सुटलो असतो. तिले मंग जलमभर त्या फडक्याकडे पाहत बसा लागलं असतं. आपल्या माणसाचा जीव कशानं गेला हे पाहत."

अंतिम अहवालात मी लिहिलं: तेलाने रबर फुगून काच सुटली, घातपात नाही. तेल कोणी लावलं हे लिहायला त्यात रकाना नव्हता. जिथे रकाना नाही तिथे काही लिहायचं नाही, ही सरकारी शिस्त त्या दिवशी मी मनापासून पाळली. जमीनदारांनी खोदून विचारलं, तेव्हा म्हणालो, "त्यात शिरलो तर चकाकी कोणाला आवडत होती, हेही लिहावं लागेल." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बाईची खोलीही तिच्याकडेच राहिली.

मिस्त्री सुटल्यावर बाई ठाण्यात आली. "कामी आला काय पुरावा, साहेब?"

"आला," मी म्हणालो. तिने बाटली आणि फडकं परत मागितलं. मी दिलं. ते पदराखाली झाकून ती उन्हात चालत गेली.

हेळसांडीने, दारूने, रागाने गेलेले जीव मी पुष्कळ पाहिले. त्या प्रत्येकाला कलम होतं. मायेने निगा राखताना माणूस आपलाच जीव घालवतो, त्याला कलम नाही, एवढं त्या प्रकरणात मला समजलं. त्याचा पुढे नोकरीत काही उपयोग झाला नाही.

नंतर पेट्रोल मिळेनासं झालं. जमीनदारांनी मोटारीला बैल जुंपले आणि त्याच मागच्या गादीवर बसून ते शिरपूरकडच्या पाहुण्यांकडे जाऊ लागले. समोर काच नव्हतीच. बैलांच्या चामडी पट्ट्यांना जवसाचं तेल लावलेलं असे. चामड्याला ते चांगलं मानवत होतं.