अक्कांच्या फळीवरचा गुलाबी कागद

तुमच्या स्वयंपाकघरात डब्यांखाली जो छापील कागद अंथरलेला आहे, तो तुम्ही कधी वाचला आहे का?

मी वाचते. कुणाच्याही घरी गेले की माझी नजर आधी फळीवर जाते. ही खोड धुळ्यातली. माझे वडील तिथल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. शाई पसरलेले, वाकडे छापले गेलेले कागद ते घरी आणत आणि आई त्यांचं काही ना काही करी. मी मात्र ते जपायचे. सर्कस, बियाणं, निवडणूक, कापसाच्या भावासाठी मोर्चा, दम्यावरचं औषध, बुद्धजयंतीची मिरवणूक, आमच्या चर्चची नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, अशी सगळी हँडबिलं मी रंगांप्रमाणे लावून पत्र्याच्या पेटीत ठेवायचे. दुसऱ्या मुली काचेच्या बांगड्यांचे तुकडे जमवत. अक्षरओळख मला शाळेच्या आधी या कागदांनी करून दिली. त्यामुळे असेल, पण जे छापलं जातं ते मोठ्यानं म्हणायचं असतं आणि त्यात शेवटी उद्गारचिन्ह असतं, अशी माझी पक्की समजूत होती.

प्रथम कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या दिवशी सिस्टरांनी दिलेला पांढरा फ्रॉक आणि डोक्यावर जाळीचं कापड घालून मी गल्लीतून चालले होते. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "काय व, एवढुश्या पोरीचं लगीन लावतीस का काय?" सगळ्या हसल्या. मी घरात जाऊन पेटीतून बालविवाहाविरुद्धचं निळं हँडबिल काढलं आणि त्यांच्या हातात ठेवलं. मग आणखीच हसल्या. वडील मात्र हसले नाहीत. मला वाटलं, त्यांना अभिमान वाटला.

पुढे दृढीकरण झालं, श्रद्धा पक्की करायचा आमचा विधी. बिशप आले, त्यांनी कपाळावर तेलानं क्रूस काढला, गालावर हलकी चापट मारली. वर्गात सिस्टरांनी शिकवलं होतं की आता तुम्ही ख्रिस्ताचे शिपाई. बाकीच्या मुलींनी ते ऐकलं आणि नाश्त्याला गेल्या. मी ते अक्षरशः घेतलं. शिपाई व्हायचं तर शत्रू हवा, म्हणून मी तो शोधत राहिले.

तो मला जळगावात सापडला. कॉलेजसाठी मी तिथे एका अक्कांच्या घरात मागची खोली घेऊन राहत होते. अक्का म्हणजे घरमालकीणबाई, विधवा, अमळनेरकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या. घरात त्या आणि त्यांचा मुलगा, माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठा. मी त्याला भाऊ म्हणायचे. तो केळीच्या एका व्यापाऱ्याकडे गाड्यांचा हिशेब लिहायचा. त्याला फेफरं यायचं. हे घराबाहेर कुणाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, कारण एकदा माझ्या डोळ्यांदेखत तो चुलीपाशी कोसळला आणि त्याचं डोकं आपटू नये म्हणून मी माझी उशी आणून खाली सारली. "पोरी, भाईर नको सांगू," अक्का म्हणाल्या. मी मान हलवली.

दर गुरुवारी अक्का गावाबाहेरच्या एका बुवाचा अंगारा आणत आणि भाऊच्या कपाळाला लावून चिमूटभर जिभेवर ठेवत. त्या बुवाविरुद्ध आम्ही काही विद्यार्थी उभे राहिलो होतो. तो माणूस लबाड होता. हे मी आजही म्हणते, आणि हेच वाक्य पुन्हा छापायची वेळ आली तर छापीन. माघात त्याच्या यात्रेच्या दिवशी वाटायचं हँडबिल मी लिहिलं. मथळा होता "राख ती राख!" राखेत कोणते क्षार असतात, त्यानं कोणता आजार बरा होऊ शकत नाही, बुवा लोकांकडून काय उकळतो, हे सगळं नीट लिहिलं. पण कागद मला मिळमिळीत वाटला. आग हवी होती. मग मी तिसरा परिच्छेद लिहिला:

"आमच्याच गल्लीत एक आई आपल्या कमावत्या, लग्नाच्या मुलाची फेफऱ्याची गोळी बंद करून त्याला राख चाटवते. मुलगा केळीच्या गाड्यांचा हिशेब लिहितो. आईच्या अडाणीपणाचा हिशेब कोण लिहिणार?"

शेवटच्या वाक्यावर मी इतकी खूश होते की ते मी खोलीत फेऱ्या मारत म्हणून पाहिलं. गोळी बंद केली आहे का, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

धुळ्याला जाऊन कागद वडिलांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा चढवला, वाचलं आणि तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं.

"ही बाई कोण?"

"कुणी नाही हो. उदाहरण आहे."

"उदाहरण राहतं कुठे?"

"तुम्ही छापणार आहात की नाही?"

त्यांनी छापलं, गुलाबी कागदावर, कारण तो शिल्लक होता. खाली जळगावातल्या आमच्या गल्लीचं नाव आलं, विद्यार्थ्यांनी इथे भेटावं म्हणून. ते मीच लिहून दिलं होतं.

यात्रेत हँडबिलं हातोहात गेली. उरलेला गठ्ठा घेऊन मी घरी आले तर अक्का घर झाडत, पुसत होत्या. भाऊचं लग्न भडगावच्या एका घरी जमत आलं होतं आणि येत्या रविवारी मुलीकडची माणसं घर पाहायला येणार होती. अक्कांनी गठ्ठ्याला हात लावून पाहिला. "किती झकास कागद शे! मना फळीले दे ना माय."

त्या वेळी मी नाही म्हणू शकले असते. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. मी गठ्ठा दिला. त्यांनी कात्रीनं कडेला नागमोडी झालर कापली आणि सगळ्या फळ्यांवर माझा लेख अंथरला, छापलेली बाजू वर. पांढऱ्या बाजूपेक्षा अक्षरांची शोभा दिसते म्हणाल्या. त्यावर तुरीच्या डाळीचा डबा, गुळाचा डबा आणि देवाजवळची अंगाऱ्याची पुडी. भाऊ संध्याकाळी आला, पाणी प्यायला फळीपाशी गेला आणि बराच वेळ पाठमोरा उभा राहिला. "काय लिव्हेल शे त्यावर?" अक्कांनी विचारलं. "साबणाची जाहिरात," तो म्हणाला.

मी माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

त्याच आठवड्यात राखेचा बुधवार आला, आमच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. वर्षभर घरोघरी क्रूसामागे खोचलेल्या शिंदीच्या झावळ्या जाळून ती राख करतात. लहानपणी धुळ्यात त्या जाळायच्या कामाला मी सगळ्यांच्या पुढे असायचे. चर्चमधल्या सकाळच्या मिस्साविधीत फादरनी माझ्या कपाळावर राखेचा क्रूस काढला. माणूस माती आहे आणि मातीतच जाणार आहे, हे शब्द मी दर वर्षी ऐकते. त्या दिवशीही ऐकले, आणि सायकलवर बसून कॉलेजआधी जेवायला घरी आले. कपाळावर काय आहे, हे मी विसरूनच गेले होते.

अक्का भाकरी थापत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि चेहरा उजळला.

"तुना कपायले हाई काय लागेल शे? तुमना देवळमाबी अंगारा देतस का व माय?"

"अंगारा नाही अक्का. राख आहे. त्यानं काही बरं होत नाही. आठवण असते नुसती."

"मंग मी तरी काय सांगस? आठवणच शे."

भाऊ ताटावर बसला होता. तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "आई, राखेत काय काय असतं ते मॅडमना विचार. त्यांनी छापलंय. फळीवर आहे."

"तू तर साबण सांगे."

"मी खोटं सांगितलं. आता मॅडम वाचतील."

अक्कांनी हात पुसले, डाळीचा डबा खाली ठेवला आणि झालर लावलेला कागद माझ्यापुढे धरला. "वाच ना माय, बठ्ठं वाच."

मी वाचू लागले. कपाळावरची राख घामानं भुवईत उतरत होती. मथळा वाचला, क्षार वाचले, बुवाची लूट वाचली. अक्का मान डोलवत होत्या. एका ठिकाणी म्हणाल्या, "हाई खरं शे, नारळना पैसा तो भलता लेस." मग मी तिसरा परिच्छेद टाळून थेट शेवटावर आले.

"एक परिच्छेद राहिला," भाऊ म्हणाला.

मी तो वाचला. माझं ते आवडतं वाक्यही वाचलं. तव्यावरची भाकरी जळत होती, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"हाई बाई कोन शे?" अक्कांनी विचारलं. वडिलांनी विचारलं होतं, तेच. अक्कांना उत्तर माहीत होतं, तरी मी ते तोंडानं म्हणावं म्हणून त्या थांबल्या. मग त्या उठल्या आणि गुळाच्या डब्यामागून एक लहान डबी काढून माझ्या हातात दिली. आत गोळ्या होत्या. "मी गोळी कधी बंद करी?" एवढंच. रागावल्या असत्या तर मी भांडले असते. भांडायला मला येतं. त्यांनी एकेक डबा उतरवला, सगळे कागद उलटे केले, कोरी बाजू वर, आणि डबे पुन्हा जागच्या जागी ठेवले.

भाऊ माझ्यामागे खोलीच्या दारापर्यंत आला.

"रविवारी ती माणसं येणार आहेत. मी त्यांना स्वतः सांगणार होतो. मुलीच्या वडिलांना बाजूला घेऊन, गोळ्या दाखवून. कसं बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं."

"मी... लपवू नये म्हणून..."

"लपवणार नव्हतो म्हणतोय ना! पण सांगायचं माझं होतं. तुझं नव्हतं."

त्या दिवसापासून मी माझीच हँडबिलं गोळा करत फिरले. आयुष्यभर कागद जमवले, पण ते इतके जड कधीच वाटले नाहीत. गिरणीत गेले, न्हाव्याकडे गेले, भज्यांच्या गाडीवर गेले, तिथे माझ्या लेखाचे पुडे होत होते. गाडीवाला म्हणाला, "ताई, अजून आणा की. तेल चांगलं टिपतो तुमचा कागद." किराणा दुकानातले शेठजी म्हणाले, "परत कशाला घेताय? चूक निघाली का?" मी हो म्हणाले. "बुवाबद्दल?" नाही म्हणाले. त्यांनी पुढे विचारलं नाही, पण गल्लीच्या टोकापर्यंत त्यांची नजर पाठीवर जाणवत होती. न्हाव्यानं भिंतीवर चिकटवलेला कागद मी नखांनी खरवडला, तेव्हा खुर्चीतला माणूस आरशातून म्हणाला, "ते केळीवालं पोरगं ना? आम्हाला वाटलंच."

शनिवारी पापनिवेदनाला गेले. फादरनी ऐकून घेतलं आणि एक लहानशी प्रार्थना प्रायश्चित्त म्हणून दिली. मला राग आला. एवढंच? मला मोठं काहीतरी हवं होतं, गुडघे फुटतील असं. आता कळतं, तेही मला उद्गारचिन्हच हवं होतं.

रविवारी भडगावची माणसं आली. मी मागच्या खोलीत होते, मधे फक्त पत्र्याचं दार. पोहे झाले, चहा झाला. मग मुलीच्या मामांचा आवाज आला, शांत.

"हे तुमच्याच गल्लीतलं ना?"

कागद उलगडल्याचा आवाज मला ओळखता येतो.

"हो," भाऊ म्हणाला. "तो मीच आहे. मी आज तुम्हाला सांगणारच होतो."

"आता कुणीही तसंच म्हणेल, पोरा," मामा म्हणाले.

ते वाईट बोलले नाहीत. चहा चांगला होता म्हणाले, अक्कांना नमस्कार केला आणि गेले. पुन्हा आले नाहीत. फेफऱ्यामुळे नाही म्हणाले की लपवल्यामुळे, हे आम्हाला कधी कळलं नाही. मला एवढं कळतं की तो खरं बोलत होता आणि माझ्या कागदामुळे त्याचं खरं बोलणं सारवासारव ठरलं.

अक्कांनी मला खोली सोडायला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सोपं झालं असतं. परीक्षा होईपर्यंत मी तिथेच राहिले. दर गुरुवारी अंगारा येत राहिला, आणि रोज गोळी घेतली जात राहिली. माफीचं हँडबिल काढते म्हणाले, तर भाऊ दचकला. "पुन्हा छापू नकोस. ज्यांना माहीत नाही, त्यांनाही कळेल."

आता छापते आहे, कारण आता तोच म्हणाला. त्याचं लग्न झालं आहे, दुसऱ्या गावच्या मुलीशी. बायकोला त्यानं स्वतः सांगितलं, त्याच्या शब्दांत. हा लेख पाठवण्याआधी मी जळगावला गेले आणि अक्कांच्या चुलीपाशी बसून तो दोघांना मोठ्यानं वाचून दाखवला. भाऊनं दोन ठिकाणी ओळी काढायला लावल्या. काढल्या. अक्का म्हणाल्या, "त्या बुवानं नारळनं अजून लिव्ह." ते मात्र इथे मावलं नाही.

सगळे कागद परत आले नाहीत. काही अजून जळगावात असतील, एक भडगावात नक्की आहे. तुम्ही या भागात राहत असाल तर आज एकदा डबे उचलून पाहा. गुलाबी कागद असेल, वर "राख ती राख!" असेल, तर तो फाडू नका. बुवाबद्दलचं सगळं खरं आहे, ते राहू द्या. फक्त पेन घ्या आणि तिसरा परिच्छेद इतका गिरवा की खालचं एकही अक्षर वाचता येणार नाही. मग डबा परत जागेवर ठेवा.