मागच्या दारातून उतरलेला माणूस

“ताई, वाट कुटनं हाय?”

टेम्पोची किल्ली उचलण्याआधी तो हे विचारायचाच. सांगलीतल्या आमच्या बियाण्यांच्या एजन्सीत कुठला माल कुठे धाडायचा ते मी बघते. बाकीचे ड्रायव्हर गाव विचारत, हा वाट विचारायचा. वाटेत विश्रामबाग लागत असेल तर म्हणायचा, “मग मी लांबनं जातो.”

मालक डिझेलवरून कुरकुरायचे. आम्ही हसायचो. माण तालुक्यातला, फौजेत गाड्या चालवून आलेला, दाराएवढा उंच गडी, आणि विश्रामबागेला भितो.

एकदा त्यानेच सांगितलं. बायको तिथल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. कोर्टाचा आदेश होता: तिच्या घराजवळ, कामाच्या जागी जायचं नाही, फोन करायचा नाही, कुणाच्या तोंडून निरोपही द्यायचा नाही.

“मारायचात?” मी विचारलं.

“व्हय.” तो टेम्पोकडे बघत राहिला. “हात मोडला तिचा. आजून कोपरात सरळ हुत न्हाई.”

मग बरेच दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. तुम्हीही तेच केलं असतं. पण रोज समोर येणारा माणूस नको म्हटलं तरी दिसतो.

त्याने साधा बटणांचा फोन घेतला होता आणि तो खिशात न ठेवता टेम्पोच्या खणात ठेवायचा. तिचा नंबर पुसून टाकला होता, पण बोटांना पाठ होता म्हणे. “खिशात दाबला जाऊन फोन लागला, तर कोर्टात काय सांगू? माजी कंबर बोलली म्हनून?” आम्ही हसलो. तो हसला नाही.

संक्रांतीला त्याच्या गावचा एकजण आला. चांगल्या मनाने म्हणाला, “वयनीला तिळगूळ दिऊन येतो की रं तुज्याकडनं. एवढ्यानं काय हुतंय?”

“नगं गड्या. तुज्या हातनं गेला तरी तो माजाच निरोप.”

पुतण्याच्या लग्नालाही तो गेला नाही. ती येणार की नाही, हे कुणाला विचारायची सोय नव्हती. त्या दिवशी त्याने टेम्पो दोनदा धुतला.

हे सगळं तुरुंगाच्या भीतीने, की तिच्यासाठी? मला कधी कळलं नाही. बहुतेक त्यालाही नसावं.

मग साताऱ्याचा तो दिवस. बियाणे कंपनीची माल पोचवण्याबद्दलची बैठक आटोपून आम्ही दोघे एसटीने सांगलीला परतत होतो. तो मागच्या बाकावर, मी त्याच्या पुढच्या. कराडच्या स्टँडवर गर्दी चढली. गाडी हमरस्त्याला लागली, तेव्हा त्याचा आवाज माझ्या कानाशी आला.

“ताई. ती हाय.”

मधल्या वाटेत एक किरकोळ बाई उभी होती. डाव्या हाताने दांडी धरलेली, उजवा हात पोटाशी दुमडलेला. तिने त्याला पाहिलं होतं. ती ओरडली नाही, हलली नाही. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं होतं. नवऱ्याच्या नुसत्या नजरेची इतकी भीती मी त्याआधी कुणाच्या तोंडावर पाहिली नव्हती.

दार पुढे होतं. उतरायचं तर तिला घासून जावं लागणार. त्याने मान खाली घातली. “कंडाक्टरला सांगा, मला हितंच उतरायचंय. मागनं.”

“आवं, ते संकटकाळी उघडायचं दार हाय,” कंडक्टर म्हणाला.

“तसंच समजा,” मी म्हटलं.

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि घंटी वाजवली. उसाच्या शेताकडेला गाडी थांबली. आमचा गडी पाठमोरा झाला आणि त्या उंच दारातून धडपडत खाली उतरला. एकदाही मागे वळला नाही. त्याची पिशवी बाकावरच राहिली. ती बाई सांगली येईपर्यंत बसली नाही. जागा रिकामी झाली तरी उभीच, डोळे त्या मागच्या दारावर.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्याने विचारलं, “ती नीट पोचली का?” मी तोंड उघडणार, तोच म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. सांगू नगा. त्ये बी मी इचारायला नगं.”

वकिलाला त्याने झालेलं सगळं सांगितलं होतं. वकील म्हणाला, अचानक गाठ पडली, तुम्ही लगेच बाजूला झालात, ठीक केलंत. पण त्या महिन्यातच शिरवळच्या एका कारखान्यात बसवर ड्रायव्हरची नोकरी मिळवून तो गेला. जाताना एवढंच म्हणाला, “गाव लहान हाय ताई. दोघं मावत न्हाईत.”

पावसाळा सरता सरता ती आली. फाटकाबाहेरून विचारलं, “त्ये हितं कामाला हायत का आजून?” शेजारच्या गल्लीत तिला जास्त पगाराचं काम मिळत होतं.

“नाहीत. सांगली सोडली त्यांनी.”

“नक्की?”

“नक्की. आत या, पाणी घ्या.”

ती खुर्चीच्या कडेला टेकली. पेला डाव्या हातात घेतला. तेवढ्यात बाहेर टेम्पो येऊन थांबला आणि ड्रायव्हरने दार आपटलं. पेला तिच्या हातातून सुटला.

“नवीन माणूस आहे,” मी म्हणाले. “दुसराच आहे.”

“कळलं,” ती म्हणाली. पाणी फरशीवरून तिच्या पायाखाली पसरत होतं. तिने पाय उचलले नाहीत. दाराकडे बघत ती तशीच बसून राहिली.