अकरा मास्तर आणि बाकीचं गाव

वाचनालयात पुस्तकांपेक्षा किस्से जास्त जमतात. पुस्तकाला निदान परतीची तारीख असते. किस्सा एकदा कुणी घरी नेला की तो फुगूनच परत येतो! आमच्या वाचनालयाचे जे काही माझ्याकडे उरलेत, ते मी फारसे फुगवलेले नाहीत.

आमचं गाव चिखलीहून एस.टी.नं पाऊण तासावर. महाराष्ट्र नुकताच झाला होता. त्याआधी आम्ही जागचे न हलता मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जाऊन आलो होतो, त्यामुळे नव्या राज्याचं कौतुक जरा बेतानंच चाललं होतं. वाचनालय भास्कररावांचं. कोर्टातली कारकुनी संपल्यावर त्यांनी घरची दोन कपाटं पुस्तकं सोसायटीच्या रिकाम्या खोलीत मांडली, दारावर पाटी ठोकली आणि सकाळ-संध्याकाळ तिथंच बसायला लागले. वाचक म्हणजे शाळेतले आम्ही अकरा मास्तर. बारावा कुणी चुकून आलाच, तर तो पत्ता विचारायला आलेला असायचा.

एक दिवस सरकारी कागद आला. मान्यता हवी असेल तर वाचक सर्व थरांतले पाहिजेत: शेतकरी, कारागीर, स्त्रिया. वर्षअखेर साहेब स्वतः तपासायला येणार. मान्यता मिळाली नाही, तर सोसायटी त्या खोलीत सरकी भरणार होती.

भास्कररावांच्या घरी दुसरं कुणी नव्हतं. कमिटीच्या बैठकीत ते एवढंच म्हणाले, "पुस्तकं घरी नेता येतीन हो. पन मी कुठी जाऊ?"

आम्हाला फार वाईट वाटलं. मास्तर लोकांना वाईट वाटलं की ते योजना आखतात.

* * *

पहिली योजना तालमीसाठी. कुस्त्यांचे फोटो छापणारं एक साप्ताहिक आम्ही मागवायला लागलो. सुखदेव पैलवान आपली अख्खी तालीम घेऊन आला आणि एकाच पानावर अर्धा तास नजर लावून बसला. आम्ही खूश. मी हळूच विचारलं, "काय वाचताय पैलवान?"

"वाचून नाई राह्यलो मास्तर. याची पकड कशी सुटते, ते पाहून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी त्याला ते उमगलं, आणि त्यानं ती पकड आमच्या ड्रॉइंग मास्तरांवर करून दाखवली. बाक मोडला. मास्तर आठवडाभर डावीकडेच बघत होते. भास्कररावांनी रजिस्टरात शेरा लिहिला: "वाचकाच्या शंकेचे समाधान झाले."

* * *

मग स्त्रिया. दुपारी दोन ते चार फक्त बायकांसाठी, अशी दवंडी दिली. आठवडाभर एक बाई फिरकली नाही. भास्कररावांनी वैतागून दाराला पाटी लावली: 'पुरुषांना सक्त मनाई.'

त्याच दुपारी पंधराजणी हजर! सगळ्यात पुढे सोनाबाई. त्या म्हणाल्या, "पुरुषाईले मनाई हाय, म्हंजे आत काहीतरी चांगलं असनच."

एकजण मोठ्यानं गोष्ट वाचायची, बाकीच्या ऐकत तांदूळ निवडायच्या. चार वाजले तरी उठायच्या नाहीत. बाहेर नवरे चहासाठी ताटकळायचे. भास्करराव विनवायचे, "सोनाबाई, पुस्तक घरी घेऊन जा."

"नाई बाप्पा. घरी नेलं का सासू नातवाकून वाचून घेते, अन् मले शेवट सांगून टाकते."

* * *

कारागिरांत पहिलं नाव रहीमचाचांचं. कापूस पिंजून गाद्या भरणं हा त्यांचा धंदा. ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या इथं आमच्या वाचाचं काय हाय?" बरोबरच होतं. आम्ही उर्दू पेपर सुरू केला. तो टपालानं यायचा, दोन दिवस शिळा.

रोज सकाळी पाच-सहाजण जमायचे. चाचा पेपर वाचून दाखवायचे आणि सगळे पोट धरून हसायचे. गणिताच्या देशमुख मास्तरांना हे सहन होईना. त्यांची खात्री पटली की हे हसणं आपल्यावर आहे. माणूस जिद्दीचा. बुलढाण्याहून उर्दूचं पहिलं पुस्तक आणवलं आणि चार महिने दार लावून अक्षरं गिरवली.

एका सकाळी ते चाचांच्या मागे उभे राहिले. त्या दिवशी बातमी होती पुराची. चाचा वाचत होते आणि लोक हसत होते.

देशमुख म्हणाले, "चाचा, इथं तर पूर आलाय!"

"हाव ना मास्तर," चाचांनी पेपराची घडी घातली. "पेपर दो दिन का बासी. म्हून मी गावातल्याच खबरा सांगत असतो. निम्म्या तुमच्याच असतात."

* * *

आहारशास्त्राचं एक पुस्तक तीन वर्षं कुणी उघडलं नव्हतं. भास्कररावांनी त्याला नवं कव्हर घालून वर लिहिलं: 'नवरा मुठीत ठेवण्याचे घरगुती उपाय.' मग ते कपाटात टिकेचना. तक्रार एकच आली, तीही एका नवऱ्याची.

"यात तं नुसत्या भाज्या धुवाले सांगतलं हाय. आता बायको त्या मलेच धुवाले लावते."

* * *

आणि साहेब आले ते नेमके कपाशीच्या वेचणीत. रविवार होता. रजिस्टरात सह्या भरपूर होत्या, पण साहेबांना माणसं बघायची होती. गावात माणूस कुठं? बाया-माणसं शेतात, तालीम वडनेरच्या कुस्त्यांना, चाचा गाद्या भरायला परगावी. भास्करराव रिकाम्या खोलीकडे बघत बसले. त्यांचा तो चेहरा आम्हाला बघवेना.

"निदान शेतकरी तरी होऊ," हेडमास्तर म्हणाले.

तासाभरात आम्ही अकराजण धोतर-पटका बांधून बाकांवर बसलो. ड्रॉइंग मास्तरांनी वाचायला येताना खुरपं आणलं होतं. हेडमास्तरांच्या हातात बैलाचा चाबूक होता आणि तो त्यांना छडीसारखाच धरता येत होता.

साहेब पुण्याकडचे. त्यांनी देशमुखांना विचारलं, "काय पाटील, यंदा कपाशीवर कीड किती?"

"सोळा पूर्णांक दोन तृतीयांश टक्के हाय, सायेब."

साहेबांनी कौतुकानं मान हलवली आणि तेवढ्यात ओंकार आला. ओंकार खरा शेतकरी. पायाला माती, केसांत कापूस. चाळिशीत भास्कररावांकडे वाचायला शिकला आणि तेव्हापासून ऐतिहासिक कादंबऱ्यांखेरीज कशाला हात लावला नाही. बोलायचाही तसाच. बैलांशीसुद्धा.

"भास्करराव, क्षमा असावी, विलंब जाहला," तो दारातून म्हणाला. "तिसरा खंड उपलब्ध आहे काय?"

साहेबांनी त्याला नखशिखान्त न्याहाळलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि चहा न घेता निघून गेले.

पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. पाकीट फोडायला भास्कररावांचे हात धजेनात. सरकी की पुस्तकं, ते त्या पाकिटातच होतं. शेवटी ओंकारनं ते घेतलं आणि आम्हा सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचलं:

"वाचनालयास मान्यता देण्यात येत आहे. शेतकरी वाचकांची उपस्थिती व शेतीविषयक ज्ञान समाधानकारक. मात्र तपासणीवेळी एका शिक्षकास शेतकऱ्याचा वेष देऊन आणल्याचे आढळले. असा प्रकार पुन्हा घडू नये."

भास्कररावांनी चष्मा काढून डोळे पुसले. ओंकारनं कागदाची नीट घडी घातली आणि आम्हा अकराजणांकडे एकेक करून बघत विचारलं, "गुरुजन हो, आपणांपैकी हा अधम कोण?"