आज तर बरी आहे

कवळीकाकांच्या शेजारच्या टेबलावर मी एकोणीस वर्षं बसते आहे. ते कवळ्या करतात, मी त्या घासून-पुसून चकचकीत करते. पुढे दवाखाना, मागे आमची खोली, आणि मधे एक लहानशी खिडकी. डॉक्टरीणबाई त्या खिडकीतून माप आत सरकवतात. माप म्हणजे बोळक्या तोंडाचा ठसा. काका त्यात प्लास्टर ओतून जबडा काढतात, त्यावर मेण चढवतात आणि मेणात एकेक दात बसवतात. माणूस आम्हांला कधी दिसतच नाही. तरी काका जबडा हातात फिरवून म्हणायचे, "ही बाई डाव्या बाजूनं चावते, आणि बोलते फार." मी खिडकीतून विचारून घ्यायची. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "फार म्हणजे फारच."

काकू जाऊन आठ वर्षं झाली. एकच मुलगी. घरात तिला ठकी म्हणत, आणि ती चाळिशीला टेकली तरी काकांच्या तोंडी ठकीच आहे. ठकी शिकायला म्हणून जपानला गेली, तिथेच नोकरीला लागली आणि तिथल्याच एका जपानी मुलाशी तिनं लग्न केलं. काकांनी विरोध केला नाही. "मुलगा कमी बोलतो," एवढंच म्हणाले, "आणि मला त्यातलंही काही कळत नाही."

दर शनिवारी दुपारी तीनला ठकीचा फोन यायचा. काका फोन एका प्लास्टरच्या जबड्याला टेकवून उभा करायचे, म्हणजे हात मोकळे राहत आणि चेहरा दिसे. नात तीनेक वर्षांची झाल्यावर तीही मधे डोकवायला लागली. ती त्यांना जीजी म्हणायची. तिकडे आजोबांना तसं म्हणतात.

"आमच्याकडे जीजी बाई असते," काका म्हणायचे. "असू दे. हाक मारते हे काय कमी आहे?"

एका शनिवारी ठकी काहीतरी आणायला आत गेली आणि नात एकटीच पडद्यासमोर राहिली. तिनं कसलंसं चित्र दाखवलं आणि ती बोलायला लागली. चांगली पाच मिनिटं बोलली. काका मान हलवत होते, "हो का? असं का?" म्हणत होते. मग ती थांबली, त्यांच्याकडे नीट बघितलं आणि आत वळून आईला काहीतरी ओरडून विचारलं.

ठकी हसत बाहेर आली. "बाबा, ती विचारतेय, जीजीला ऐकू येत नाही का?"

काकाही हसले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी तीन दात उलटसुलट बसवले आणि पुन्हा काढले. पुढच्या सोमवारी संध्याकाळी ते वही-पेनांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या जपानीच्या वर्गात नाव घालून आले.

वर्गात सगळी विशी-बाविशीची मुलंमुली. शिकवणाऱ्या बाई काकांपेक्षा दहा वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी कुणीतरी त्यांनाच शिक्षक समजून उठून उभं राहिलं होतं. शब्द काकांना लवकर पाठ झाले, कारण दात बसवताना तोंड मोकळंच असतं. अडलं ते एका अक्षरावर. वाक्यात नावाच्या मागे येणारा इवलासा 'वा'.

"आधी तर तो लिहायचा 'हा' आणि वाचायचा 'वा'," ते माझ्याकडे तक्रार करत. "आपल्या धंद्यात असं चालेल का? दाढ म्हणून सुळा बसवला तर?"

शिवाय तिथे 'गा' नावाचं दुसरं एक अक्षर होतं. कुठे 'वा' लावायचा आणि कुठे 'गा', हे त्यांना उमगेना. महिनाभर ते वर्गात चुकत राहिले. शेवटी बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "काका, 'वा' लागला की एखादी वस्तू उचलून टेबलावर ठेवलीय असं समजा. आता जे बोलायचं ते तिच्याबद्दल. आपण 'तर' म्हणतो ना, तसंच पुष्कळदा. 'कपडे तर धुतले' असं कुणी म्हटलं, की तुम्हांला काय कळतं?"

"भांडी पडलीत," काका म्हणाले.

"भांड्यांचं नाव तरी काढलं का कुणी?"

"नाही."

"तोच 'वा'. आणि कपडे कुणी धुतले असं विचारलं, तर 'मी धुतले, मीच' हे सांगायला 'गा'. नेहमी असं जमत नाही, पण सुरुवातीला एवढं धरून चाला."

दुसऱ्या दिवशी काका खुशीत होते. दिवसभर माझ्यावर प्रयोग चालले. वरची कवळी तर झाली. चहा तर आला. मी म्हटलं, "काका तर कामाला लागले," तेव्हा कुठे मेण हातात घेतलं.

त्या शनिवारी ठकी कुठल्याशा समारंभाला निघाली होती. निळा झगा घातला होता, केस नीट बांधले होते. काकांनी घसा साफ केला आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "क्यो वा किरेइ देस ने." क्यो म्हणजे आज आणि किरेइ म्हणजे सुंदर, हे मलाही एव्हाना ऐकून ऐकून माहीत झालं होतं.

पलीकडे जावई खोकल्यासारखं करून तोंड लपवायला लागला. ठकी कपाळावर हात मारून म्हणाली, "बाबा, 'वा' कशाला लावलात? आज तर सुंदर दिसतेस, म्हणजे रोज गबाळी असते असं झालं. नुसतं किरेइ म्हणा."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"माहीत आहे. पण इकडच्या बायका यावरून दोन दिवस अबोला धरतात हं."

हे सगळं गेल्या वर्षीच्या आधीचं. नंतर ठकीचे फोन आखडत गेले. आधी म्हणाली सर्दी झालीय, मग म्हणाली काम वाढलंय. चेहरा दिसेना, नुसता आवाज यायचा. "कॅमेरा बिघडलाय, बाबा." काका म्हणायचे, "दुरुस्त करून घे," आणि ती म्हणायची, "हो." तीन महिने असेच गेले. दोन-तीन शनिवारी तर फोनच आला नाही. तीन वाजले की काका मला पॉलिशची मोटर बंद ठेवायला लावत, आणि साडेतीन झाले की स्वतःच चालू करून देत.

मग एका शनिवारी त्यांनीच फोन लावला. तिकडून जावयानं उचलला.

"ओतोसान," तो म्हणाला. म्हणजे बाबा.

काकांनी वर्गात घोटलेलं वाक्य म्हटलं. मुलगी बरी आहे ना? याला जपानीत सरळ उत्तर असतं. हो, बरी आहे. तेवढंच. पण तो हलकेच म्हणाला, "क्यो वा, गेंकी देस."

काकांच्या हातातली मेणाची सुरी तशीच राहिली. त्यांनी ती नीट फडक्यावर ठेवली. मला वाटलं, त्यांना शब्द कळला नसेल. गेंकी म्हणजे बरी, हे तर ते वर्षभर घोकत होते. कळला होता. तोही, आणि त्याच्या आधीचं ते एक अक्षरही.

ते फोनकडे वाकून म्हणाले, "किनो वा?"

काल?

मी मोटर बंद केली. जावयाला खोटं बोलता येत नाही, हे काका मला नंतर म्हणाले. आणि खरं सांगायचं नाही असं बायकोनं बजावलेलं. शेवटी तो म्हणाला, "किनो वा... ब्योइन देश्ता."

ब्योइन म्हणजे दवाखाना. पण तिथे बियोइन असाही एक शब्द आहे, त्याचा अर्थ केस कापायचं दुकान. वर्गात या दोन शब्दांवर सगळे हमखास फसत. काका माझ्याकडे वळून म्हणाले, "केस कापायला गेली असेल. हो ना?" त्यांनी जावयाला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. त्यानं सावकाश म्हटला. 'ब'पुढे 'इ' नव्हता. दवाखानाच.

तासाभरानं ठकीचा फोन आला. काका तोवर एकाच दाताला कानस लावत बसले होते.

"बाबा, त्यांनी तुम्हांला काय सांगितलं?"

"त्यानं काही सांगितलं नाही. मला कळलं."

"कसं?"

"म्हणाला, आज तर बरी आहे."

पलीकडून हसू आल्यासारखा आवाज आला, पण ते हसू नव्हतं. "हे तुम्हांला मीच शिकवलं," ती म्हणाली.

"घरात ठकी म्हणतो म्हणून बापाला ठकवायचं का गं?"

मग तिनं सांगितलं. मानेत गाठ आली होती. तपासली, तर वाईट निघाली. औषधाचे सहा फेरे द्यायचे होते, चार झाले होते. प्रत्येक फेऱ्यानंतर पाचसहा दिवस उठवत नव्हतं. केस गेले होते, म्हणून कॅमेरा बिघडला होता.

"आई गेल्यावर तुम्ही तीन महिने कुणाशी बोलला नव्हतात," ती म्हणाली. "मी इकडे पडलेली आणि तुम्ही तिकडे तसे. मला नसतं झेपलं, बाबा."

काकांनी रागाचा शब्द काढला नाही. "जेवण जातं का?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "मी येतो."

"कशाला? इथे सगळं..."

"मी येतो, ठके."

कागदपत्रांना पाच आठवडे लागले. तेवढ्यात हाती होत्या त्या अकराही कवळ्या त्यांनी पुऱ्या केल्या आणि नव्वद दिवसांच्या परवानगीवर विमानात बसले.

तिकडचं त्यांनी मला सलग कधी सांगितलं नाही. काम करता करता तुकड्या-तुकड्यानं निघतं. चौथ्या मजल्यावरचं घर. जावई सकाळी आधी दवाखान्यात जाई, मग कामावर. ठकी पाचव्या फेऱ्यानंतर तापानं दवाखान्यातच होती आणि लहान मुलांना तिथे आत सोडत नसत. नातीला बालवाडीतून आणायचं काम काकांकडे आलं. रस्ता सरळ होता. दोन चौक, एक औषधांचं दुकान, एक लहानसा पूल.

बालवाडीच्या दाराशी बूट घालता घालता नात रोज एकच विचारायची. "मामा वा?" मामा म्हणजे तिकडे आई.

"आपण नुसतं 'आई?' म्हणू," काका मला म्हणाले. "तिच्या 'वा'नंतर मात्र जागा रिकामी राहते बघ. ती जागा भरेपर्यंत पोरगी हलायची नाही."

पहिल्या दिवशी ते म्हणाले, दवाखान्यात. ते तिला माहीतच होतं. तिला पुढचं हवं होतं. मग काका सकाळीच जावयाकडून विचारून, कागदावर लिहून, घोकून ठेवायला लागले. मामा झोपलीय. मामानं आज सूप घेतलं. मामाला खिडकीतून झाड दिसतं. नात ऐकून घ्यायची, कुठे 'वा'च्या जागी 'गा' पडला असला तर दुरुस्त करायची आणि मग चालायला लागायची.

एक दिवस ठकीचा ताप फार चढला होता आणि जावयाचा फोन लागत नव्हता. दाराशी नातीनं विचारलं. काका म्हणाले, "मामा वा..." आणि अडकले. पुढे काही सुचेना. "जपानीत नाही आणि आपल्या भाषेतही नाही," ते मला म्हणाले. "लोक बाजूनं चाललेत, आणि मी उभा."

नात बघत राहिली. मग तिनं दुसरा बूट स्वतःच घातला आणि त्यांचं बोट धरून म्हणाली, राहू दे जीजी, उद्या सांग.

ताप चार दिवसांनी उतरला. सहावा फेरा झाल्यावर ठकी घरी आली. डोक्याला रुमाल, गालाची हाडं वर आलेली. ती आरशासमोरून जाताना तोंड फिरवायची. काकांनी दार उघडलं आणि म्हणाले, "छान दिसतेस." 'आज' हा शब्द त्यांनी मुद्दाम टाळला.

मग नव्वदांतले एकवीस दिवस उरले. ते कसे गेले, यातलं एक अक्षरही त्यांनी मला सांगितलेलं नाही.

परत आले तेव्हा दोन किलोंनी उतरले होते. ठकीची गाठ विरली होती. आता दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि दोन वर्षं गेल्याशिवाय निश्चिंत व्हायचं नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेलं. पहिल्याच शनिवारी ठकीनं फोन केला, चेहऱ्यासकट. डोक्यावर केसांची लव आली होती.

"बाबा, आता ती मला विचारते. घरी आली की दारातच. जीजी वा?"

काकांनी चष्मा काढून पुसला. "मग तू काय सांगतेस?"

"सांगते, जीजी दात करतोय."

"मग?"

"मग विचारते, झाले का? कधी येणार?"

खिडकीतून नवं माप आलं होतं, ते काकांनी उचलून उजेडात धरलं. "या वर्षी परत परवानगी मिळते का बघतो," म्हणाले. तेव्हापासून दोनदा अर्ज केलाय. एकदा कागद अपुरे निघाले, दुसऱ्याचं उत्तर यायचंय. ठकी म्हणते इकडेच या कायमचे. ते म्हणतात बघू. घरात काकूंचं कपाट तसंच आहे, ते त्यांना उघडवतही नाही आणि सोडवतही नाही.

वर्गात ते अजून जातात. बाईंनी त्यांना वरच्या तुकडीत घातलंय. नातीचं अर्धं कळतं, असं ते म्हणतात. उरलेलं अर्धं ते सोमवारी बाईंना विचारतात.

गेल्या शनिवारी तीन वाजले, सव्वातीन झाले, फोन नाही. मी आपण होऊन मोटर बंद ठेवली. तपासणी शुक्रवारी होती, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. साडेतीन झाले. काकांनी मोटर चालू कर म्हटलं नाही. खालची एक कवळी घेऊन ते हातानंच घासत बसले. पावणेचार. चारला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला. नात पोहायला जायला लागली होती, तिथे उशीर झाला होता. ओल्या केसांनी ती सांगत होती की, ती पाण्यात डोकं बुडवून सात आकडे मोजू शकते. ठकी मागून म्हणाली, "बाबा, कालचं सगळं नीट आलं. काल पण आणि आज पण."

फोन संपल्यावर काकांनी हातातली कवळी बघितली. समोरच्या दाताची कड पार घासून गेली होती. त्यांनी तो दात अख्खा काढला, डब्यातून तशाच रंगाचा दुसरा शोधला आणि मला मेण गरम करायला सांगितलं.